भरल्या टाकीचा ट्रक

चढावर इंजिनानं दोन आचके दिले आणि ट्रकनं मान टाकली. तोआदेरनं किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली. मग खाली उतरून त्यानं टाकीवर मूठ आपटून पाहिली. टाकी अजून बरीच भरलेली होती. आतलं डिझेल मात्र थंडीत तूप थिजावं तसं थिजलं होतं.

चूक त्याचीच होती. ग्रीसमधून संत्री घेऊन निघताना त्यानं दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या होत्या, वाटेत कुठं थांबायलाच नको म्हणून. पण ते डिझेल उबदार मुलखाचं. हिवाळ्यात डॅन्यूबचा पूल ओलांडला, की आमचा प्रत्येक ड्रायव्हर त्यात थंडीत न थिजणारं डिझेल मिसळून घेतो. तोआदेरनंही आजवर कधी हयगय केली नव्हती. काल पंपावर ही भली मोठी रांग होती. त्यानं म्हटलं, मरू दे, टाकीत आहे की भरपूर.

घाई वडिलांसाठी होती. गाव्रिल म्हातारा आठवडाभर अंथरुणाला खिळला होता. आमच्याकडे माणूस जाताना त्याच्या हातात पेटती मेणबत्ती द्यावी लागते, नाहीतर पुढची वाट अंधारात काढावी लागते म्हणतात. ती मुलानंच धरावी असं काही नाही. पण म्हाताऱ्यानं धोसरा काढला होता, "माझा हात कापतो. तोआदेरला येऊ दे, तो धरेल."

आणि तोआदेर घाटाच्या पहिल्याच चढावर अडकला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. रात्रभर गाडी चालवून त्याचे डोळे चुरचुरत होते, पाठ ताठली होती. तेवढ्यात धाकट्या बहिणीचा, सावेताचा फोन आला.

"दादा, कुठं आहेस?"

"आलोच."

"पहाटेपासून आलोच आलोच चाललंय तुझं. त्यांना धाप लागलीय. नुसते दाराकडं बघतायत."

"डिझेल थिजलंय गं. कुणाची तरी गाडी पाठव."

ती बहुधा स्वयंपाकघरात गेली. आवाज दबका झाला. "कुणाची पाठवू? गावचा रस्ताच बंद आहे. बर्फ काढणारी गाडी अजून आलेली नाही." मग आतून हाक आली तशी म्हणाली, "थांब, ते फोन मागतायत."

"पोरा," म्हातारा म्हणाला. त्यानं स्वतः हयातभर लाकडाचा ट्रक हाकला होता. "टाकीत किती आहे?"

"भरपूर आहे, बाबा."

"मग मध्ये थांबू नकोस." बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. "इंजिन ऐकू येत नाही रे तुझं."

"नवी गाडी आहे. आवाजच करत नाही."

"बरं आहे. आमची सगळ्या गावाला उठवायची. ये सावकाश. झोप आली तर काच खाली कर."

"करतो, बाबा."

फोन पुन्हा सावेताकडे गेला. "दादा, आता मीच धरते. उशीर नको व्हायला."

"धर."

"तुझ्या नावानं धरते."

तिनं फोन बंद केला नाही. काडी ओढल्याचा आवाज आला, मग तिची पुटपुटती प्रार्थना. ती मध्येच थांबली आणि रडू लागली, तेव्हा तोआदेर स्टिअरिंगवर डोकं टेकून हमसून हमसून रडला. एका पंपावरच्या रांगेपायी त्यानं बापाचा हात धरायची वेळ घालवली होती. हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

उन्हं वर आल्यावर बर्फ काढणारी गाडी आली. चालकानं डोकं बाहेर काढलं.

"काय हो, डिझेल संपलं वाटतं?"

"नाही. भरपूर आहे."

चालकानं टाकीकडं पाहिलं, डिझेल थिजलंय हे त्याला कळलं. त्यानं शेजारचं दार उघडून दिलं आणि सीटवरचे हातमोजे उचलले. "कुठं सोडू?"

तोआदेरनं गावाचं नाव सांगितलं.

"चढा. बर्फ फार आहे, पण बघतो लवकर पोचवता येतंय का."

"सावकाश चला," तोआदेर म्हणाला. "आता घाई नाही."