हर्डविकचं कोकरू काळंच जन्मतं

"तो येणार असेल तर मी मेळाव्याला जात नाही!" एड्विन बर्केटने चहाचा मग टेबलावर आपटला.

"नको जाऊस," बायको नोरा शांतपणे म्हणाली. "मग एल्सीच्या मेंढ्या तिला कोण परत करणार?"

डोंगरावर चुकून आपल्या कळपात शिरलेलं मेंढरू पानगळीच्या मेळाव्यात ज्याचं त्याला परत द्यायचं, हा उत्तर इंग्लंडमधल्या त्या खोऱ्याचा रिवाज. तो मोडणाऱ्याला तिथे तोंड दाखवायला जागा उरत नाही.

'तो' म्हणजे एड्विनचा धाकटा भाऊ रोलंड. बर्केटांच्या या पोराने मेंढ्या कातरायचं सोडून मँचेस्टरला बायकांचे केस कापायचं दुकान थाटलं, आणि थोरल्याचं डोकं फिरलं. विषय निघाला की एड्विन म्हणायचा, "आमच्या घरातलं ब्लॅक शीप!" काळं मेंढरू, म्हणजे कुळाला बट्टा. इंग्रज माणूस हे इतक्या सहज बोलतो की बोलणाऱ्याला त्याचं काहीच वाटत नाही. रोलंड मात्र घरी यायचाच बंद झाला होता.

शेगडीजवळ बसलेली म्हातारी आई म्हणाली, "मला दोन्ही पोरं एका टेबलावर जेवताना बघायचीत रे. पुढच्या मेळाव्याला मी असेन, नसेन."

एड्विन उठून एल्सीच्या मेंढ्या गाडीत चढवायला गेला. खोऱ्यातल्या सगळ्यांसारख्याच त्याही हर्डविक जातीच्या.

मेळाव्याच्या मैदानात सगळं खोरं लोटलं होतं. शेजारच्या डोंगरावरची एल्सी टायसन एक राखाडी मेंढी आणि तिचं काळं कोकरू ओढत आली. "ही घे तुझी. बर्फात माझ्याकडे आली होती. तिथेच व्याली."

एड्विनने मेंढीच्या पाठीवरची आपल्या कळपाची लाल खूण आणि कानाची खाच पाहिली आणि वाडग्याचं फाटक उघडलं. तेवढ्यात कुंपणापलीकडे त्याला रोलंड दिसला. गळ्यात जांभळा मफलर, आत यावं की नाही अशा विचारात उभा. एड्विनने पाठ फिरवली.

"भाऊ आलाय तुझा," एल्सी म्हणाली.

"आलंय आमचं ब्लॅक शीप!"

"काय रे, तुझ्या कळपात पांढरं जन्मलेलं एक तरी दाखव मला!"

"हर्डविकचं कोकरू काळंच जन्मतं. पुढे राखाडी होतं. पोरासोरांनाही माहीत आहे."

"मग तुला कसं माहीत नाही? ही मेंढी भटकली, तिला विचारलंस का गेलीस म्हणून? खूण बघितलीस, फाटक उघडलंस. जनावराला एवढा मान, आणि पाठच्या भावाला? त्याने चोरी केली? कुणाला फसवलं? केस कापतो बिचारा! तुझ्या एका शब्दापायी तुझी आई इतकी वर्षं एकाच पोरासोबत जेवतेय."

एड्विनने मान खाली घातली. वाडग्यात ती राखाडी मेंढी आपल्या काळ्या पिलाला चाटत होती. तीही कधीतरी अशीच काळी होती! हे त्याने जन्मभर पाहिलं होतं, पण भावाचा विचार करताना कधी आठवलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

तो कुंपणाकडे गेला. "पाहुण्यासारखा काय उभा राहतोस? हे फाटक धर. नुसता मफलर मिरवायला आलास?"

रोलंडला आधी खरंच वाटेना. मग तो घाईघाईने आत आला, फाटक धरलं आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसले.

संध्याकाळी घरी मटण-बटाट्याचं भांडं रिकामं झालं, तेव्हा एड्विनने स्वतःच खुर्ची शेगडीपुढे ओढली. "कातर आणलीयेस ना? बघू तुझी कला."

"मेंढीसारखं दाबून धरू नकोस!" थोड्याच वेळात तो ओरडला.

"मेंढी इतकी कुरकुर करत नाही, दादा."

"हलू नकोस रे एड्विन," आई हसत म्हणाली. "कानाला खाच पडली तर तुलाही कुणीतरी मेळाव्यात परत करायला नेईल!"

वाचकहो, घरोघरी असं एखादं माणूस असतं, चारचौघांपेक्षा वेगळ्या वाटेने गेलेलं. त्याला नावं ठेवायला काहीच लागत नाही, आणि एकदा ठेवलेलं नाव पुसायला उभा जन्म पुरत नाही. त्या रात्री एड्विनच्या पायाशी पडलेले सगळे केस राखाडी होते. रोलंडचेही तसेच झाले होते. दोघांची आई मात्र दोन ताटं उचलता उचलता पुन्हा तरुण दिसत होती.