संयूनं खेळून दाखवलं

आमचे हे फौजेतून घरी आले ते ट्रंक, वळकटी आणि सहा पायांचं बिलियर्डचं टेबल घेऊन. लोक पेन्शनीवर म्हैस घेतात, आमच्याकडं टेबल आलं. साहेबांच्या मेसनं ते लिलावात काढलं होतं, आणि त्याच टेबलाशी उभं राहून साहेबांच्या खेळाचे गुण मोजण्यात ह्यांची सारी नोकरी गेली होती. घरात एवढी जागा कुठली? बेदाण्याची जुनी शेड झाडून-धुऊन काढली आणि टेबलावर नवं हिरवं कापड ताणून बसवलं.

"तासगावात पोरं पत्त्यांच्या अड्ड्यावर बसत्यात," हे म्हणायचे. "इथं बायकापोरांसकट यावं. दारू न्हाई, तंबाखू न्हाई, पैसा लावायचा न्हाई."

मी चिडवायची, "आवं, भांगलण टाकून कोण बाई येणार चेंडू ढकलायला?"

पण मनातून मला ते आवडलं होतं. क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा आमची संयोगिता लहान होती. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या मेसमध्ये हे तिला स्टुलावर उभी करून खेळ शिकवायचे. पुढं तिचा हात बापापेक्षा साफ बसला. बारावी झाली, माधवनगरचं स्थळ जवळजवळ ठरलं, तरी रोज संध्याकाळी बापलेक शेडमध्येच. त्यांचं हसणं मला चुलीपाशी ऐकू यायचं.

शेड खेळासाठी उघडायला परवानगी हवी होती. कचेरीत सांगितलं, आधी ग्रामसभेचा ठराव आणा. सरपंच हंबीरराव माणूस वाईट नाही, पण वारं बघून बोलणारा. सभेत हे बोलून झाल्यावर रंगुबाई उठली. गावातलं दारूचं दुकान हिनंच बायका गोळा करून बंद पाडलं होतं, त्यामुळं तिच्या शब्दाला वजन.

"एक अड्डा मोडायला आमी उपाशी बसलो. आता ह्यो दुसरा कशाला?"

"अड्डा न्हाई, रंगुबाई," हे म्हणाले. "घरच्यांनी मिळून खेळायचा खेळ हाय."

"मग तुमच्या घरची बाई खेळून दाखवू दे. लुगडं नेसून, चारचौघांसमोर. आमी बघतो, मग हात वर करतो."

ह्यांना केवढा आनंद झाला! तिथंच म्हणाले, "आमची संयू खेळंल की!" फौजी माणूस. कवायत नीट झाली की साहेब खूश होतो, एवढंच त्यांना ठाऊक.

सारी सभा शेडमध्ये आली. संयूनं माझं हिरवं लुगडं नेसून पदर कमरेला खोचला होता. टेबलावर दोन पांढरे चेंडू, एक लाल. हे हात मागं बांधून एका कडेला उभे राहिले, मेसमध्ये राहायचे तसे. पहिलाच फटका असा बसला की म्हातारे भाऊसो "वा गं वाघिणी!" म्हणाले. बायका पुढं सरकल्या. रंगुबाईसुद्धा हसली. मी बघितलंय, खोटं नाही सांगत.

मग तिचा पांढरा चेंडू टेबलाच्या मधोमध जाऊन थांबला. तिथवर हात पोचवायचा तर टेबलावर ओणवं व्हावं लागतं, एक पाय उचलावा लागतो. संयू झुकली. पदर सुटला, पोटरी दिसली. मागच्या पोरांतून कुणीतरी शिट्टी मारली.

लाल चेंडू बरोबर जाळीत पडला. तो बघितला फक्त ह्यांनी.

रंगुबाईनं तोंडाला पदर लावला आणि बायकांना घेऊन भिंतीकडं सरकली. हंबीरराव जमिनीकडं बघत म्हणाले, "परवानगी द्यायची त्यांनी हात वर करा." माझ्या एकटीचा वर होता. शिट्टी मारणाऱ्याला मात्र कुणी एका शब्दानं बोललं नाही. जळो मेलं ते गाव!

माधवनगरहून निरोप आला, पोरगी पसंत नाही. आधी पसंत करून, चहापोहे खाऊन गेले होते मेले. शेवटी तिला शिराळ्याकडं दिली, वयानं बऱ्याच मोठ्या माणसाला. सासरच्यांची एकच अट होती, त्या खेळाचं नाव काढायचं नाही. ह्यांनी मान हलवली. टेबलावर बेदाण्याचे ट्रे चढले.

पहिल्या पंचमीला संयू माहेरी आली. देवळापुढं फुगड्या रंगल्या. पदर उडत होते, केस सुटत होते, आणि पारावर बसून सगळे बाप्ये बघत होते. रंगुबाईनंच संयूचे हात धरले आणि दोघी गरागरा फिरल्या. "काय फिरतीया पोरगी!" म्हणत भाऊसोंनी टाळ्या वाजवल्या. मला तिथं उभं राहवेना. रडू येत होतं, आणि सणाच्या दिवशी रडायचीही चोरी. मी संयूला हाताला धरून घरी आणली.

शेडचं दार उघडं होतं. ह्यांनी ट्रे उतरवून टेबल पुसलं होतं, तिन्ही चेंडू मांडले होते. संयूची काठी हातात घेऊन तिच्या टोकाला खडू घासत होते.

"ये बाळा. एकच डाव," म्हणाले. "दार लावून घे."

संयू उंबऱ्यातच थांबली. फुगडीचा दम अजून बसला नव्हता. घामेजल्या कपाळावर तिनं पदर ओढून घेतला.

"आबा, मला न्हाई येत ह्यो खेळ."

ह्यांचा हात थांबला. मग काठी भिंतीला टेकवली आणि एकेक चेंडू उचलून डब्यात ठेवला.

"व्हय गं," म्हणाले. "लय लहान हुतीस तवा. इसरली असशील."