जालना रोडवरचा माझा आवाज

मी हॉर्न बोलतोय. गारखेड्यातल्या श्रीनिवास लासूरकरांच्या निळ्या स्कूटरचा हॉर्न. आज मला राहवतच नाही, इतका आनंद पोटात मावेनासा झालाय.

चिकलठाण्याच्या एका शेडमध्ये माझा जन्म झाला. तपासणाऱ्या मुलीनं तार जोडली, मी पहिल्यांदा ‘पीं’ केलं आणि तिनं हसून कानांवर हात ठेवले. मी कसला खूश झालो! आता मी वळणावर लोकांना सावध करणार, जीव वाचवणार.

श्रीनिवासरावांनी स्कूटर घेतली तेव्हा तसंच होतं. गल्लीत एखादं वासरू आडवं आलं की ते बटणाला हलकंच बोट लावत. मी बोलायचो, वासरू बाजूला व्हायचं, आम्ही पुढं जायचो.

मग ते काम करत त्या कारखान्यातला हिमांशू नोकरी सोडून गेला. सुटे भाग तपासायचं त्याचंही काम श्रीनिवासरावांच्या गळ्यात पडलं. सकाळी जालना रोडला लागलो की त्यांचा अंगठा माझ्या बटणावर जो बसायचा, तो कारखान्याच्या फाटकापर्यंत निघायचा नाही. सिग्नल लाल असतानाही मी ओरडायचो. एकदा पुढच्या रिक्षावाल्यानं मान वळवून विचारलं, “भाई, उड के जाऊ क्या?”

संध्याकाळी घरी आले की ते थोडा वेळ स्कूटरवरच बसून राहत. अंबिकाताई दारातून विचारायच्या, “काय झालं हो?”

“काही नाही.”

जे काही होतं, ते सगळं वाटेत मला सांगून झालेलं असायचं.

त्यांची मुलगी मनस्विनी नववीत आहे. खो-खो म्हणजे तिचा जीव की प्राण. रोज संध्याकाळी श्रीनिवासराव तिला सरावाला सोडायचे. असंच एकदा जाताना चौकात एक म्हातारी रस्ता ओलांडत होती. हातात भाजीची पिशवी, पाऊल जड. कारखान्यातल्या साहेबांचा फोन नुकताच येऊन गेलेला. श्रीनिवासरावांनी बटण दाबलं ते सोडलंच नाही. माझ्या आवाजानं म्हातारी दचकली आणि रस्त्यातच खाली बसली. भेंड्या सगळीकडं पांगल्या.

मनस्विनी उडी मारून उतरली. तिनं आजीला हात दिला, भेंड्या वेचल्या. आजी श्रीनिवासरावांकडं बघून एवढंच म्हणाली, “म्या काय मुद्दाम उभी ऱ्हायले का, बाबा? पाय उचलंना.”

तिला पलीकडं पोचवून मनस्विनी परत आली, पण मागं बसली नाही.

“उद्यापासून मी रिक्षानं जाईन, बाबा.”

“का?”

“तुम्ही घरात ओरडत नाही. पण हा सारखा ओरडतो. मला नाही ऐकवत.”

ती मैदानाकडं चालत गेली.

दुसऱ्या सकाळी रस्त्यातच त्यांचा श्वास अडकला. तळहात घामानं भिजले, छाती धडधडू लागली. मला हँडलमधून सगळं कळत होतं. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि अंबिकाताईंना फोन लावला. त्या रिक्षानं धावत आल्या, समोरच्या दवाखान्यात त्यांना घेऊन गेल्या. मी बाहेर कडुलिंबाखाली उभा. काय वाटलं असेल मला, विचारू नका.

बऱ्याच वेळानं दोघं बाहेर आले. दोघंही चालत! 

“ऐकलंत ना डॉक्टर काय म्हणाले?” अंबिकाताई म्हणाल्या. “हृदय ठणठणीत आहे. हा ताण आहे. मागं वाघ लागला काय आणि साहेब लागला काय, अंगाला फरक कळत नाही. ते आपलं पळायच्या तयारीत राहतं.”

“आणि पळायला जागा नसते,” श्रीनिवासराव म्हणाले.

“मग मला सांगा की. काय चाललंय तिथं?”

त्यांचा अंगठा सवयीनं बटणावर आला. मी वाट बघत होतो. पण तो दाबला गेला नाही. ते बोलू लागले. दोन माणसांचं काम, साहेबांची रोजची बोलणी, झोप न येणं, सगळं. शेवटी म्हणाले, “जमत नाही असं कसं सांगू गं? लाज वाटते.”

“जमत नाही, असंच सांगायचं. एवढंच.”

दोन दिवसांनी त्यांनी ते साहेबांना सांगितलं. साहेब आधी कुरकुरले, मग अर्धं काम मेघा नावाच्या नव्या मुलीकडं दिलं. सगळं लगेच सुधारलं असं नाही. अजूनही कधी अंगठा बटणाकडं धावतो. पण ते त्याला आवरतात, लांब श्वास सोडतात. कधी जमतं, कधी मी ओरडतोच. संध्याकाळी मात्र दोघं नवराबायको पायी फिरायला जातात आणि ‘काही नाही’ हे शब्द घरातून जवळजवळ गेलेत.

आणि काल! काल मनस्विनीची फायनल होती. ती स्वतःहून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “बाबा, सोडता मला?”

वाटेत नेमकी वरात लागली. घोडा, बँड, नाचणारी पोरं, मागं गाड्यांची रांग. माझे सगळे जातभाई बेंबीच्या देठापासून बोंबलत होते. आम्ही गप्प. मागून मनस्विनीचा आवाज आला, “बाबा, हात गार पडलेत माझे. मी सगळ्यात आधी बाद होणार.”

“माझेही पडायचे,” श्रीनिवासराव म्हणाले. “अंग पळायची तयारी करतंय. तुला तर आज पळायचंच आहे. चल, माझ्याबरोबर हळूहळू श्वास सोड.”

वरातीच्या गोंधळात बापलेक नुसते श्वास सोडत बसले. रस्ता मोकळा झाला आणि आम्ही शिट्टीच्या जेमतेम आधी पोचलो.

मी बाहेर पार्किंगमध्ये. आतून “खो! खो!” असा गलका, टाळ्या, मग एकदम शांतता. माझी तार न् तार ताठली. मग असा जल्लोष उसळला की माझा पत्रा थरथरला. जिंकल्या पोरी!

मनस्विनी आली ती गुडघे खरचटलेली, धुळीनं माखलेली, बडबडत. घरापर्यंत तिचं तोंड थांबलं नाही आणि तिच्या बाबांचं हसूही. फाटकाशी तिनं मागून हात लांब केला आणि मला दाबलं, आई बाहेर येईपर्यंत. जन्मात इतकं मोठ्यानं मी कधी गायलो नव्हतो.

तर मंडळी, तुमच्याही गाडीवर माझा एखादा भाऊ असेल. त्याला जरूर वाजवा, वळणावर, धोक्यात, आनंदात. पण मनात काही खदखदत असेल तर ते घरी जाऊन आपल्या माणसाला सांगा. आम्ही सगळं ऐकतो हो, फक्त उलटून “काय झालं?” असं विचारता येत नाही आम्हाला.