नादगिरी महाराजांची चांदीची मान

“घुमनारीना तोंडकडे नको देखू बेटा, तिना पायकडे देख.”

हा झुंबरबाईच्या मावशीचा आवाज. मावशीला जाऊन कितीक पावसाळे लोटले, पण आवाज तिच्या कानात तसाच राहिला होता. शिंदखेड्याच्या एका अंगणात केस मोकळे सोडून एक बाई घुमत होती, बाया हळदीकुंकवाची ताटं घेऊन पुढं सरकत होत्या, आणि मावशी लहानग्या झुंबरच्या कानाशी लागून हे सांगत होती. झुंबरनं पाहिलं. बाईचे पाय अंगणभर नाचत होते, पण चुलीतून काढून टाकलेल्या निखाऱ्यांपाशी आले की हलकेच वळत होते. डोळे तर तिनं गच्च मिटलेले होते. मग निखारे कोणाला दिसत होते, हे झुंबरनं तेव्हा कुणाला विचारलं नाही.

आज धरणगावात, जिनाच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या पटांगणात, तोच आवाज पुन्हा कानाशी आला.

कापसाचा हंगाम सरला होता, जिन मुका झाला होता, आणि अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. अखाजी आली म्हणजे लग्नं आली, लग्नं आली म्हणजे बँड आला. एरवी अशा उन्हात कुत्रंही बाहेर पडत नाही; पण त्या सकाळी पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मध्ये बाजेवर नादगिरी महाराज बसले होते. भगवी कफनी, डोळ्यांत सुरमा, आणि बोटांत इतक्या अंगठ्या की मूठ मिटावी कशी हा प्रश्नच. बाजूला त्यांचा चेला, आणि पुढं घोंगडीवर सॅक्सोफोन.

हे वाजंत्र हबीबभाईंच्या बँडाचं. महूच्या छावणीतला कुठलासा बँड मोडीत निघाला तेव्हा हबीबभाईंनी ते आणलं होतं. पितळेचं, चिलमीसारखं वाकडं, अंगभर झाकण्या. वाजवायचा झुंबरबाईचा नवरा निंबा. हंगामात तो जिनात राबायचा आणि लग्नसराईत सॅक्सोफोन फुंकायचा. तो वाजवू लागला की नवरीची आई पदर डोळ्याला लावायची. तोंडात धरायच्या तोटीपासून खालच्या मोठ्या नळीपर्यंत जी वाकडी नळी असते तिला बँडवाले मान म्हणत. मागल्या सराईत एका वरातीत बैलानं नेमका त्या मानेवर पाय दिला आणि ती चपटी झाली. हबीबभाईंनी मुंबईच्या जुन्या बाजारातून दुसरी मान मागवली. तीही पितळेचीच, जराशी काळवंडलेली, पण सांध्यात घट्ट बसणारी.

पण निंबाचा सूर काही परत आला नाही. गाणं मध्येच तुटायचं, आवाज बसल्यासारखा यायचा. मुंबईची मान बाधली, असं निंबा म्हणू लागला. माणसाला दृष्ट लागते, पण नळी बाधते कशी, हे झुंबरबाईला उमजेना. पण नवरा दुसरं काही बोलत नव्हता, आणि विचारलं की उठून जात होता. बोलणं टाळणाऱ्या माणसाच्या पोटात काहीतरी असतं, एवढं तिला कळत होतं. काय, ते कळत नव्हतं.

तेवढ्यात महाराज आले. त्यांच्या झोळीत सॅक्सोफोनची एक लखलखीत चांदीची मान होती, म्हणजे ते म्हणत होते.

“पितळ ही भांड्याची जात,” महाराज सांगत होते. “पितळेत वरण शिजतं, सूर शिजत नाही. चांदी चंद्राची. चंद्र मनाचा. मन वाऱ्याचं. म्हणून वारा गातो तो चांदीतूनच.”

“मंग अवसेले वाजत नही व्हई ते,” म्हातारी भिकुबाई पुटपुटली. चार जणी पदराआड हसल्या. महाराजांनी न ऐकल्यासारखं केलं.

त्यांनी दोन्ही मानांची पूजा केली. हळद, कुंकू, ओल्या अक्षता. मग चेल्यानं मुंबईची पितळी मान चढवून फुंकलं. खालचे सूर काढायला गेला, तर वाजंत्र म्हशीचं शेपूट पिळल्यासारखं किंचाळलं. मग चांदीची मान चढवली. तोच चेला, तेच गाणं, आणि सूर असा आला की गर्दीतून एक उसासा उठला. कुणी हात जोडले. कुणी पोराला उचलून महाराजांच्या पायावर घातलं.

मान मोफत मिळणार होती. महाराज काही विकत नव्हते. फक्त वाजवणाऱ्याच्या घरधनिणीनं अंगावरची चांदी देवीला वाहायची, तीही आजच. झुंबरबाईच्या पायात तोडे होते. अंगावर सोडून दुसरी चांदी तिच्याकडं नव्हती.

निंबा तिच्याजवळ आला. तो तिच्याकडं पाहत नव्हता. “दी टाक वं,” तो म्हणाला. “लगनं तोंडवर शेतस.”

द्यायला तिची ना नव्हती. त्याचा सूर परत येणार असता तर तिनं तोडे काय, कानातलं फुलही काढून दिलं असतं. पण तिनं महाराजांचं तोंड सोडून हात पाहिले होते. चांदीच्या मानेवर त्यांनी अक्षता लग्नात टाकतात तशा वरून टाकल्या. पितळी मानेवर मात्र अंगठा दाबून लावल्या, आणि तोही मानेवर जी बारकी झाकणी असते नेमक्या तिच्यापाशी.

शाळेचे चुडामण गुरुजी गर्दीच्या कडेला उभे होते. झुंबरबाई त्यांच्यापाशी गेली आणि खाली मान घालून तिनं पाहिलेलं सांगितलं. गुरुजींनी चष्मा पुसला. मग पुढं होऊन, मोठ्या भक्तिभावानं, पितळी मान दर्शनाला मागितली. महाराजांना नाही म्हणता येईना.

गुरुजींनी नखानं ती झाकणी उचलली. खाली कुंकवात भिजलेला तांदळाचा एक दाणा अडकला होता.

“ही झाकणी मिटलेली असली तर खालचे सूर येतात,” गुरुजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “दाण्यानं ती उघडी राहिली. फट राहिली की सूर फाटतो. भोक पडलेल्या पिपाणीत पितळेचा काय दोष?”

“चुकून गेला असेल दाणा,” महाराज म्हणाले. “भक्तीत हात थरथरतो.”

“गेलाही असेल,” गुरुजींनी लगेच मान्य केलं. “मग आता दाणा काढला आहे. पुन्हा ऐकू. फक्त या वेळी डोळ्यांनी ऐकायचं नाही.”

दोघा गड्यांनी दुसरी एक घोंगडी पडद्यासारखी आडवी धरली. चेल्याऐवजी हबीबभाई स्वतः आत गेले. सनईपासून सॅक्सोफोनपर्यंत त्यांना सगळं येत होतं. गुरुजी त्यांच्यासोबत गेले. कुठली मान कधी चढवली ते बाहेर कुणालाच दिसत नव्हतं. एक गाणं झालं. थोडी खुडबूड झाली. तेच गाणं पुन्हा झालं.

बाहेर वाद पेटला. भिकुबाई म्हणाली, दुसऱ्यांदा गोड लागलं, गुळावानी. काहींना पहिलं भारी वाटलं. महाराजांनी डोळे मिटले, मान डोलावली आणि निकाल दिला. पहिली पितळ, दुसरी चांदी. “आंधळ्यालाही कळेल,” ते म्हणाले.

गुरुजींनी घोंगडी बाजूला करायला सांगितली. महाराजांची मान खालच्या घोंगडीवर तशीच पडली होती. दोन्ही वेळा मुंबईचीच मान चढवली होती, आणि खुडबूड नुसतीच केली होती.

 मग भिकुबाईच आधी हसली, स्वतःवरच, आणि तिच्यामागं सगळं पटांगण हसलं. तिनं तिथल्या तिथं दोन ओळी जुळवल्या, आणि बाया त्या म्हणू लागल्या:

पितळ म्हने चांदीले, काय तुनी थोरी,
फुकनाराना हातमा आपली दोन्हीनी दोरी.

महाराजांचा चेहरा उतरला, पण जीभ उतरली नाही. आमच्या मानेचा अपमान झाला, तीही वाजवून पाहा, असं ते म्हणाले. रास्त बोलणं होतं. हबीबभाईंनी ती चढवायला घेतली. ती सांध्यात सहज जाईना, म्हणून त्यांनी जोर लावून फिरवली, आणि जिथं घासली तिथं पिवळं कडं उमटलं. त्यांनी अंगठ्यानं चोळलं. पिवळं आणखी उघडं पडलं.

“ये तो पीतल है,” हबीबभाई म्हणाले. “ऊपर मुलामा चढाया है.”

मग मात्र गर्दी खवळली. कुणी चेल्याची झोळी ओढली, कुणी चपला हातात घेतल्या. गुरुजी मध्ये आडवे झाले. मारून काही शिकता येत नाही, मारणारालाही नाही, असं म्हणत त्यांनी दोघांना वाट करून दिली. महाराज एरंडोलच्या रस्त्याला लागले. बाजेवर सुरम्याची डबी राहिली, ती कुणी परत नेऊन दिली नाही.

“खऱ्या चांदीनं सूर बदलतो की नाही, हे आज कळलं नाही,” गुरुजी लोकांना म्हणाले. “खरी चांदी इथं आलीच नव्हती. फट राहिली की सूर फाटतो, एवढंच दिसलं. आणि महाराज खोटे निघाले म्हणून उद्या माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. कुणी काही सांगितलं की मध्ये घोंगडी धरा. दोनदा ऐका. मग बोला.”

लोक पांगायला लागले. हबीबभाईंनी मुंबईची मान पुन्हा चढवली, पुसली, आणि सॅक्सोफोन निंबाच्या हातात दिला. “ले निंबा. अब बजा,” ते म्हणाले. “अब कोई बाधा नहीं.”

जाणारी माणसं थांबली. निंबानं तोटी तोंडात धरली. दाणा नव्हता, फट नव्हती, आताच याच मानेतून हबीबभाईंनी पटांगण डोलवलं होतं. सुरुवात तर जुन्या निंबाचीच झाली. त्याचा तो वळून येणारा सूर झुंबरबाईनं हजारात ओळखला असता. आणि मग अर्ध्या ओळीत तो तुटला. निंबानं पुन्हा धरला. पुन्हा तिथंच तुटला. त्याच्या गळ्याची शीर दोरीसारखी ताठली होती आणि ओठ निळसर पडले होते.

दोष द्यायला आता काही उरलं नव्हतं. हबीबभाई सॅक्सोफोनकडं पाहत राहिले. झुंबरबाई नवऱ्याकडं पाहत होती. घरात पाण्याचा हंडा उतरवून तो भिंतीला टेकून का उभा राहतो, रात्री उशाला दोन गोधड्या का घेतो, चालता चालता तंबाखू चोळायच्या निमित्तानं का थांबतो, हे सगळं एकाच वेळी तिच्या पुढ्यात येऊन उभं राहिलं. ती त्याच्याजवळ गेली.  तिनं त्याच्या हातातून सॅक्सोफोन काढून घेतला.

निंबा घोंगडीवर खाली बसला. बोलायच्या आधी त्यानं श्वास गोळा केला.

“मान कोनतीबी बसाडा, हबीबभाई,” तो म्हणाला. “मना दमच पुरत नही. जिनमा कापूस उडस, तो आठे येल शे.” त्यानं छातीवर हात ठेवला. मग पहिल्यांदा बायकोकडं पाहिलं. “काम जाई, बँड जाई, म्हनीसन कोनले सांगं नही. तुलेबी नही सांगं. माले भ्या वाटस वं.”