पवनचक्कीच्या पाण्याची तक्रार

अस्बा तेलात रोट्या तळत होती, पण तिचे कान आतल्या खोलीकडे लागले होते. आत रोवेना खोकत होती. तीन आठवडे झाले होते. प्रचारात फिरताना घशात धूळ गेली, असं रोवेना सांगायची आणि अस्बा त्यावर चकार शब्द काढायची नाही. लेकीचा खोकला ऐकायचा, पण तोंडाने त्याचं नाव घ्यायचं नाही, असं तिने ठरवूनच टाकलं होतं.

रोवेना तिची थोरली मुलगी, वय शेहेचाळीस. वीस वर्षं तिने खेडोपाडी फिरून नर्सचं काम केलं होतं आणि यंदा ती थेट वॉशिंग्टनच्या संसदेसाठी उभी होती. आपल्या नावाहो या मूळनिवासी जमातीतल्या मेंढपाळांच्या मतांबरोबर तिला डोंगरापलीकडच्या गोऱ्या शेतकऱ्यांचीही मतं हवी होती. दोघांच्याही घरी नळ नाही आणि दोघांचाही दवाखाना शंभर मैलांवर, मग भांडण कशाचं, असं ती सभेत विचारायची.

न्याहारीला हास्कीमामा आला. हा अस्बाचा भाऊ. घरात मामाचा शब्द बापापेक्षा जड. बाई सगळ्यांच्या पुढे उभी राहिली की जमातीवर अरिष्ट येतं, असं तो लहानपणापासून ऐकत आला होता.

"आपल्यातले पुरुष संपले का गं?" त्याने रोवेनाला विचारलं.

"संपले नाहीत, मामा. न्याहारी करताहेत."

मामा हसला आणि त्याने तिसरी रोटी उचलली. ते हसू फार वेळ टिकलं नाही, कारण आज दहा वाजता गावसभेच्या घरात सरकारी साहेब येणार होता.

टेकडीमागे युरेनियमची जुनी खाण होती. कंपनी माल काढून चाळीस वर्षांपूर्वी निघून गेली आणि राखाडी ढिगारे तेवढे मागे ठेवून गेली. त्या ढिगाऱ्यांच्या पायथ्याची पवनचक्की अजूनही पाणी उपसत होती. मेंढ्या ते पाणी प्यायच्या आणि शहरातून आणलेली पिंपं संपली की माणसंही प्यायची. हे पाणी पिऊ नये, अशी इंग्रजीतली पाटी तिथे एकदा लागली होती. ती वाऱ्याने पडली. नळाची योजना मात्र बारा वर्षं धूळ खात होती, कारण या गावातून आजाराची एकही तक्रार आलेली नव्हती. आजही कुणी तक्रार नोंदवली नाही तर योजना रद्द होणार होती.

तक्रार नव्हती, हे खरंच होतं. नावाहो माणूस दुखण्याबद्दल बोलत नाही. बोललं की ते ओढवतं. तो गेलेल्याचं नावही घेत नाही. चार दिवस शोक करायचा आणि मग त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यायचं. मागे राहिलेल्यांना जगवणारी ही रीत आहे, तिला कुणी नावं ठेवू नयेत. पण गावाचं मौन म्हणजे तब्येत ठणठणीत असल्याचा दाखला, असं समजणाऱ्या सरकारला काय म्हणावं?

अस्बाचा धाकटा पोटाच्या आजाराने गेला, त्याला सव्वीस वर्षं झाली होती. तेव्हापासून तिने त्याचं नाव उच्चारलेलं नव्हतं. रोवेनाही त्याच पाण्यावर वाढली होती. आपण तोंड मिटून ठेवलं म्हणूनच ही एक वाचली, अशी अस्बाची मनोमन खात्री होती. आणि आता हीच लेक तिला सभेत बोलायला सांगत होती.

"मी बोलले तर मतांसाठी बोलले म्हणतील, आई. तुला तसं कोण म्हणेल?"

"आणि तुला काही झालं तर?"

एवढं तरी आपण बोललोच कसे, म्हणून अस्बाने तोंडावर हात दाबला. मामाने तिला गप्प राहायला सांगितलं. त्याचाही आवाज घाबरलेला होता.

"भीती मलाही वाटते," रोवेना म्हणाली आणि पिकअप सुरू करायला बाहेर गेली.

गावसभेचं घर गच्च भरलं होतं. साहेब वयाने लहान आणि बोलायला गोड होता. त्याला नावाहो भाषा येत नव्हती, म्हणून रोवेना भिंतीशी उभी राहून त्याचं बोलणं लोकांना सांगत होती. त्याने तीनदा विचारलं, या पाण्याने कुणी आजारी पडलं आहे का? तिन्ही वेळा सगळे खाली पाहत राहिले. पुढच्याच बाकावर, केस गळून गेलेली एक बाई डोक्याला रुमाल बांधून बसली होती. तीही खालीच पाहत होती. कुठल्या घरातून कोण गेलं, हे अस्बाला ठाऊक होतं.

रोवेनाला खोकला आला. तिने तो बाहीत दाबला. साहेबाने पेनाला टोपण लावलं.

अस्बा धीर करून उठली असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. ती भीतीने उठली. त्या खोकल्याने तिला बसवेना.

"लिहा. माझा मुलगा पोटाच्या आजाराने गेला. पवनचक्कीचं पाणी पीत होता."

रोवेनाने ते इंग्रजीत सांगितलं. साहेबाने मुलाचं नाव विचारलं. मागच्या बाकावरची दोन माणसं उठून बाहेर निघून गेली. अस्बाने पुढच्या बाकाची पाठ घट्ट धरली.

"अर्विन," ती म्हणाली.

आता काहीतरी कोसळणार, म्हणून ती वाट पाहत राहिली. साहेब लिहीत होता, तेवढाच आवाज येत होता. घरात आणखी कुणी आजारी आहे का, असं त्याने मान वर न करता विचारलं.

अस्बाने ओठ पुढे काढून रोवेनाकडे दाखवलं. बोट दाखवणं त्यांच्यात वाईट.

"हीसुद्धा तेच पाणी प्यायली आहे. हिचंही नाव असं सांगायला मी पुन्हा तुमच्याकडे येणार नाही. गेलेल्यांच्या या कागदावर ते येऊ द्यायचं नाही, ही जबाबदारी तुमची, असं लिहून घ्या."

सबंध मतदारसंघात बोलत फिरलेली रोवेना, पण आईचं एक वाक्य तिला साहेबाला सांगता येईना. तेव्हा मागून हास्कीमामा उठला. त्याने टोपी काढली आणि फौजेत शिकलेल्या मोडक्या इंग्रजीत बहिणीचा शब्द न् शब्द साहेबापुढे ठेवला.

अशा गोष्टीसाठी फॉर्मवर रकाना नाही, साहेब म्हणाला. मामाने तेही अस्बाला सांगितलं.

"मग कोऱ्या जागेत लिहा," अस्बा म्हणाली. त्याचं लिहून होईपर्यंत ती खाली बसली नाही.