गोरी थाळी

अनसिंगच्या इंद्रभान पाटलांना चिनी मातीच्या जुन्या भांड्यांचा नाद होता. तरुणपणी जमिनीच्या दाव्यासाठी ते हैदराबादेला गेले. तिथल्या जुन्या बाजारात त्यांना निळ्या वेलबुट्टीची एक सुरई दिसली, आणि दाव्याचं काय झालं हे सांगायच्या आधी त्यांनी घरी ती सुरईच उलगडून दाखवली. पुढे निजामाचं राज्य गेलं. बड्या घरांतलं सामान हातगाड्यांवरून बाजारात यायला लागलं. कापूस विकला गेला की पाटील गाडीत बसत आणि गवतात गुंडाळलेलं काहीतरी मांडीवर धरून परत येत.

त्यांची बायको सोजरबाई त्यातलं एकही भांडं स्वयंपाकघरात येऊ देत नसे. "पितळ राखेनं घासलं का चोख होते. हे माती हाय. हिचा विटाळ जात नाई," असं तिचं म्हणणं. म्हणून भांडी बाहेरच्या खोलीत, कपाटात. ती पुसायचं काम एकुलत्या लेकीचं, कमलचं. कुठल्या वाडग्यावरच्या बगळ्याची चोच वाकडी आलीय, कुठल्या बशीला तारेचे टाके घातलेत, हे तिला वडिलांइतकंच पाठ होतं.

या सगळ्यांत एक खोलगट थाळी होती. ओल्या हरभऱ्याच्या दाण्यासारखा तिचा रंग, आणि तळाला त्याच रंगात कोरलेलं फूल. थाळी उजेडात तिरपी धरली तरच ते दिसायचं. हैदराबादचा म्हातारा कबाडी तिला 'गोरी' म्हणाला होता; रंगावरून नव्हे, त्या जातीच्या भांड्यांचं नावच तसं. नवाब लोक असल्याच थाळीत जेवत, कारण विषाचं अन्न पडलं की ती तडकते, असं त्याने सांगितलं होतं. पाटलांनी ते ऐकून घेतलं. खरं मानलं नाही, पण खोटंही म्हटलं नाही.

बावन्न साली कमलचं लग्न झालं. रिसोडचं घर, सासू मनकर्णाबाई विधवा आणि सोवळ्याओवळ्याची कडक. पाठवणीच्या वेळी पाटलांनी ती थाळी लेकीच्या पेटीत ठेवली.

"बाबा, ते मानसं वाईट हाएत काय?" कमलनं विचारलं.

"नाई वं. मले आपलं बरं वाटंल."

दोन वर्षांनी, भाद्रपदात, रिसोडहून माणूस आला. कमल तापानं गेली होती. नाल्यांना पूर, मोटारी बंद, त्यामुळे आजाराचाही निरोप पोचला नव्हता आणि आता अग्नीही देऊन झाला होता. सोजरबाई ओसरीवर बसली ती उठलीच नाही. तिचा भाऊ मारोतराव धावत आला. संध्याकाळी तो पाटलांजवळ बसून हळूच म्हणाला, "भाऊजी, पोरीले पाहूबी देल्लं नाई आपल्याले. ताप होता का अजून काही, कोनाले मालूम? तुमी ते थाळी पाहून या."

ते बोलणं पाटलांच्या डोक्यात घर करून बसलं. पूर ओसरताच ते रिसोडला गेले. जावई बबनराव दारातच त्यांच्या पाया पडला आणि लहान मुलासारखा रडला. पाटलांचा हात त्याच्या पाठीवर गेला नाही. ते आत गेले, खाली बसले आणि विहिणीला म्हणाले, "इहीनबाई, मले कमलची थाळी पाहाची हाय."

मनकर्णाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. कमलनं त्या थाळीचं सगळं सांगितलेलं असणार, कारण त्यांनी काही विचारलं नाही. आत गेल्या, धुवट लुगड्याच्या फडक्यात बांधलेली थाळी आणून पाटलांसमोर ठेवली.

"दारात घ्या. उजेडात पाहा."

पाटलांनी थाळी दारात नेली. कडेवरून बोट फिरवलं, नखानं वाजवून पाहिली, उलटी केली. कुठे केसाएवढीही चीर नव्हती. त्यांनी थाळी तिरपी केली, तेव्हा तळातलं फूल वर आलं.

"तापात तिनं जेवन टाकलं," मनकर्णाबाई मागून म्हणाल्या. "दोन घोट घे म्हनलं तं तोंड फिरवे. मंग म्हने, आत्याबाई, मले माह्या थाळीत द्या. माह्या चुलीजोळ आजवर चिनी माती आली नोती, भाऊ. मीच आनली. रोज जवारीच्या कन्याची पेज करत होती मी, आन् तिच्या तोंडाले थाळी लावत होती. पेज सरली का फूल दिसते म्हने, म्हून प्यायची. दिसलं का मले दाखवे. शेवटच्या दिवशी अर्धी पेज तशीच राह्यली."

पाटील तिथेच दाराला टेकून खाली बसले. थाळी मांडीवर ठेवून म्हणाले, "मी मनात पाप घेऊन आलो होतो."

"मले समजलं. माही लेक असती तं मीबी आली असती," त्या म्हणाल्या. "थाळी घेऊन जा. मले पाहवत नाई."

"राहू द्या. इथंच राहू द्या."

त्या दिवशी ते जावयाशेजारी बसून जेवले.

घरी आल्यावर मारोतरावानं पहिल्यांदा तेच विचारलं. थाळी तडकली नाही हे ऐकून तो म्हणाला, "मंग तुमाले फसवलं कबाड्यानं. थाळीच खोटी असंल."

एरवी कुणी त्यांच्या भांड्याला खोटं म्हटलं की पाटील कपाट उघडून तासभर बोलत. त्या दिवशी ते शांतपणे म्हणाले, "असंल. थाळी खोटी असंल, मारोतराव. बाई खरी हाय."

मग त्यांनी सोजरबाईला पेजेचं सांगितलं. ती ऐकत राहिली. सगळं सांगून झाल्यावर तिनं एकच विचारलं, "पेजेत मीठ टाकत होती काय इहीनबाई? कमलले अळनी चालत नाई."

पाटलांना ते माहीत नव्हतं.

त्यानंतर पाटील हैदराबादेला गेले नाहीत. कपाटावर धूळ बसायला लागली. दिवाळीच्या आधी सोजरबाई मात्र एकटीच मोटारीनं रिसोडला गेली आणि विहिणीकडे राहून आली. दोघी काय बोलल्या, हे तिनं सांगितलं नाही आणि पाटलांनीही विचारलं नाही. आल्यावर हातपाय धुऊन ती चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "टाकत होती."