चालेल, पण थांबेल का?

मी एक जुनी मोटार आहे. मित्रांनो, तुम्ही मला रोज पाहता, पण माझी गोष्ट तुम्हाला कोणी सांगितलेली नाही. मला बोलता येत नाही आणि तुम्हाला माझे ऐकू येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही सांगते, कारण आता गप्प बसवत नाही.

माझा जन्म १९९६ सालचा. त्याच्या थोडे आधीपर्यंत आपल्याकडे मोटार हवी असली की नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मग नव्या कंपन्या आल्या, चकचकीत दुकाने आली आणि माझ्यासारख्या मोटारी भराभर बाहेर पडू लागल्या. हा 'भराभर' जरा लक्षात ठेवा. माझ्या पुढच्या डाव्या चाकाजवळ ब्रेकच्या तेलाची एक काळी रबरी नळी आहे, वीतभर लांब. ती चाकापासून दूर धरण्यासाठी एक क्लिप असते. आमच्या खेपेची क्लिप बोटभर आखूड निघाली. ती बसवणाऱ्या कामगाराचा हात थांबला. त्याने सुपरवायझरकडे पाहिले. मागे मोटारींची रांग लागली होती.

"चालेल," सुपरवायझर म्हणाला.

मी या जगात ऐकलेला हा पहिला शब्द. मला तो आशीर्वादच वाटला. मोटारीला चालण्याखेरीज आणखी काय हवे असते? माझ्या काचेवर 'पास'चा कागद चिकटला आणि मी बडोद्याला आले.

दसऱ्याच्या दिवशी मला दफ्तरदार मास्तरांनी घरी नेले. जनार्दन दफ्तरदार हे नुकतेच निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक. घर नागरवाड्यात. त्यांच्या मुलीने, भक्तीने, माझ्या चाकांखाली लिंबे ठेवली आणि गल्लीच्या तोंडाशी ओट्यावर बसणारे दत्ताजीराव उठून मला बघायला आले. दत्ताजीरावांचे आजोबा संस्थानच्या घोडदळात होते. ते स्वतः सत्तरीतही पहाटे शंभर सूर्यनमस्कार घालत. त्यांनी माझ्या बॉनेटवर थाप मारली.

"मास्तर, घोडी झकास आहे हां!"

खोटे कशाला बोलू, मी फुगले. माझा रंग तेव्हा गर्द हिरवा होता. मास्तर रोज सकाळी ओल्या फडक्याने मला पुसत आणि पुसताना माझ्याशी बोलतही. शाळेतली मुले गेली म्हणून त्यांना बोलायला कोणीतरी हवे होते, ते मी झाले. भक्ती त्यांना हसायची.

पण मास्तरांच्या गल्लीच्या तोंडाशी एक वळण होते. तिथे स्टिअरिंग डावीकडे अगदी शेवटपर्यंत फिरवावे लागे. तसे फिरवले की ती रबरी नळी चाकाला घासे. घरी येताना रोज एकदा, कधी दोनदा. एका घासण्याने काय होते? काही नाही. पण थेंबे थेंबे तळे साचते, तशी नळीही कणाकणाने झिजते. तिसऱ्या वर्षी तिला बारीक चीर पडली. चाक सरळ असले की चीर मिटे, डावीकडे वळले की उघडे आणि तेलाचा थेंब पडे.

मास्तरांना हे पायाला कळले. ब्रेकचा पेडल कधी कधी नेहमीपेक्षा खोल जाई. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, भास झाला. मास्तरांनी शाळेतली लाकडी फूटपट्टी आणली, पेडल किती खाली जातो ते मोजले आणि वहीत तारीख घालून लिहिले. मला इतके बरे वाटले! माझे दुखणे कोणालातरी समजले होते.

मास्तर मला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. तिथल्या साहेबांनी मला रेसकोर्सच्या रुंद, सरळ रस्त्यावर पळवले, करकचून ब्रेक मारला आणि मी जागच्या जागी उभी राहिले. मित्रांनो, त्या दिवशी मला माझाच राग आला. सरळ रस्त्यावर मी नीट थांबत होते, तर मी तरी काय करणार?

"साहेब, डावीकडे पूर्ण वळवून बघा ना," मास्तर म्हणाले.

"काका, इथे एवढं वळवायला गल्ली कुठून आणू?" साहेब हसले. त्यांनी ब्रेकचे तेल भरले आणि कार्डावर इंग्रजीत एक ओळ लिहिली. तिचा अर्थ होता, तक्रार आढळली नाही. मग मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चालशे, काका. कशो वांधो नथी."

चालशे म्हणजे चालेल, वांधो नथी म्हणजे हरकत नाही. बडोद्यात हा शब्द दिवसातून शंभरदा ऐकू येतो आणि तो म्हणणारी माणसे वाईट नसतात. समोरच्याचा जीव हलका व्हावा म्हणूनच ती तसे म्हणतात.

दफ्तरदारांच्या घराण्याचा कागदावर फार विश्वास. पणजोबांनी सरकारवाड्यात अर्ज लिहिण्यात हयात घालवली होती. मास्तरांनीही सुवाच्य अक्षरात कंपनीला पत्रे पाठवली, रजिस्टर करून, पोच जोडून, वहीतल्या मोजमापांसकट. सात पत्रे गेली. उत्तर एकदाच आले. छापील होते. त्यात लिहिले होते की आपले समाधान हाच आमचा आनंद.

आणि मग तो मार्च महिना आला. संध्याकाळची वेळ. मास्तर एकटेच होते. वळणावर त्यांनी स्टिअरिंग डावीकडे फिरवले आणि ब्रेक दाबला. चीर फाटली. पेडल तळाला टेकला. मी थांबायचा जीव तोडून प्रयत्न केला, पण ज्या तेलाच्या जोरावर मी थांबते ते रस्त्यावर सांडत होते. समोर ओट्यावर दत्ताजीराव पाय सोडून बसले होते. मी त्यांच्या पायावर गेले.

त्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो. तो पाय मांडीपासून मोडला. सूर्यनमस्कार कायमचे सुटले.

चौथ्या दिवशी कंपनीचे इंजिनिअर आले. तोवर कोणीतरी माझ्या नळीवर चिकटपट्टी गुंडाळली होती आणि रस्त्यावरच्या तेलावर माती टाकली होती. इंजिनिअरांनी वाकून पाहिलेसुद्धा नाही. मास्तरांचे वय तेवढे विचारले. अपघाताच्या वेळी माझ्या मागे भाजीवाल्या रखमाबाई डोक्यावर टोपली घेऊन उभ्या होत्या. त्या पुढे झाल्या.

"अहो, मागचे लाल दिवे लागले होते. मी डोळ्यांनी बघितलं."

लाल दिवे ब्रेक दाबल्याशिवाय लागत नाहीत. एवढ्या एका वाक्यात सगळे होते. पण इंजिनिअर म्हणाले, "बेन, तमे बाजू पर रहो ने," आणि त्यांना हाताने बाजूला सारून त्यांनी कागदावर लिहिले की चालकाचा पाय वयोमानाने ब्रेकवर पडला नसावा.

दत्ताजीराव खाटेवरून ओरडले होते, "आमच्यात घोडा बिथरला की आधी नाल बघायचे, मग स्वाराला बोल लावायचे! मास्तरला बोलू नका!" पण खाटेवरचा आवाज गल्लीपर्यंत येत नाही.

भक्तीला वडिलांची काळजी वाटत होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, वय झालं की होतं असं. आता गाडी नको."

सगळेच म्हणू लागले तेव्हा मास्तरांचा स्वतःच्या पायावरचा विश्वास उडाला. त्यांनी वही बंद केली. एका सकाळी फडके हातात घेऊन माझ्याजवळ आले आणि पुसताना म्हणाले, "तुला उगाच नावं ठेवली गं. चूक माझीच होती." मित्रांनो, त्या वेळी मला एकदा, फक्त एकदा, हॉर्न वाजवता आला असता तर! पण हॉर्नसुद्धा माणसाने दाबावा लागतो.

बडोद्याच्या वाडी भागातल्या एका दलालाने मला विकत घेतले. मास्तर फार सरळ माणूस. दलालाने विचारले, "काका, गाडीत काही खोट?" तर म्हणाले, "गाडीत काही नाही. खोट माझ्या पायात आहे." दलालाने कागदांवर नाव बदलायचा कंटाळा केला आणि मला करजणच्या किरीटभाईंना देऊन टाकले.

किरीटभाईंनी मला पांढरा रंग दिला आणि अंगावर पिवळा पट्टा ओढला. मुलांची शाळेत ने-आण करायला तिकडे वर्धी म्हणतात. अपघातात माझी पुढची नंबरप्लेट तुटली होती, तिथे त्यांनी 'स्कूल वर्धी'ची पाटी लावली. पाच जणांच्या जागेत अकरा मुले बसू लागली. दप्तरे खिडक्यांना लटकली. तुम्हाला वाटेल मला ओझे झाले. नाही हो. इतका गलबला माझ्या पोटात कधी नव्हता, मला तो आवडे.

आणि म्हणूनच मला भीती वाटे. चिकटपट्टी सुटत चालली होती. किरीटभाई चांगला माणूस आहे, मुलांना गोळ्या देतो, पण ब्रेक खोल जातो हे त्याने सवयीचे करून घेतले. दोन-तीनदा पाय मारला की लागतो, मग झाले. दर रविवारी तेल भरतो. मी उभी असते तिथे डाव्या चाकाखाली काळा ओला डाग पडतो. मुले तो बघून टाळ्या पिटतात, "गाडीए सू सू कर्युं!" किरीटभाईही हसतो आणि त्यावर पायाने धूळ लोटतो.

आज शाळा सुटायच्या आधी मी नेहमीप्रमाणे फाटकापाशी, भिंतीला पाठ लावून उभी होते. किरीटभाई पलीकडे गप्पा मारत होता. एक म्हातारे गृहस्थ छत्री टेकत आले आणि दम खायला माझ्या बॉनेटला टेकून उभे राहिले. हात ठेवला तसा मी तो ओळखला. रोज सकाळी तोच हात मला पुसत असे.

त्यांनी मला ओळखले नाही. ओळखणार कसे? हिरवा रंग नाही, पुढे नंबर नाही. चहावाल्याला ते एक कागद दाखवत होते.

"गर्द हिरवी गाडी. नंबर हा बघा. दलाल म्हणाला, करजणला दिली. तीन दिवस झाले, बडोद्याहून रोज एसटीने येतोय. कंपनीचं पत्र आलंय, चार वर्षांनी. त्या सालच्या सगळ्या गाड्यांची डाव्या चाकाची ब्रेकची नळी फुकट बदलून देणार म्हणे. चूक झाली असं कुठे लिहिलं नाहीये. 'ग्राहकांच्या अधिक समाधानासाठी' लिहिलंय." ते पत्राची नीट घडी करू लागले, पण घडी जमेना. "माझी मुलगी वाचून रडली. मी तिला म्हटलं, रडायला मागाहून वेळ आहे. मी त्या दलालाला सांगितलं होतं, गाडीत खोट नाही म्हणून. माझ्या तोंडाने सांगितलं होतं. आता कोणाची मुलंबाळं बसत असतील तिच्यात?"

माझ्यात बसतात मास्तर! तुमच्या हाताखाली आहे मी!

तेवढ्यात त्यांचे लक्ष खाली गेले. डावे चाक, ओला डाग. ते गुडघ्यावर हात ठेवून वाकले, बोट डागाला लावले आणि नाकाशी नेले. विज्ञानाचे मास्तर ते. एका वासात समजले.

शाळा सुटली. मुले धावत येऊन आत कोंबून बसली. किरीटभाई मुलांना घरी सोडायच्या घाईत आला.

"काका, जरा बाजू पर. छोकरांओने मूकवा जवानुं छे."

"अहो भाई, हे ब्रेकचं तेल आहे. गळतंय. गाडी काढू नका."

"अरे काका, बे वरसथी गळे छे. चालशे!"

"चालेल हो," मास्तर ओरडले, "पण थांबेल का?"

मी सात वर्षे या प्रश्नाची वाट पाहत होते. कारखान्यात नाही, वर्कशॉपमध्ये नाही, कोणीच तो विचारला नव्हता. किरीटभाईने हसून किल्ली फिरवली.

मी निघाले. भिंतीपासून पुढे आल्याबरोबर माझी मागची नंबरप्लेट मास्तरांना दिसली. आरशात मला त्यांचा चेहरा दिसला. छत्री खाली पडली. ते धावत आहेत. पासष्ट वर्षांचे मास्तर, हातातला कागद डोक्यावर हलवत, माझ्यामागे धावत आहेत.

मित्रांनो, मी ज्यांना मघापासून मित्रांनो म्हणते आहे, ते तुम्हीच. माझ्या पोटात बसलेले तुम्ही अकरा जण. मागच्या काचेला नाक लावून तुम्ही हात हलवत आहात. ते आजोबा टाटा करत नाहीत रे. ते मला थांबवत आहेत. माझे किरीटभाईला ऐकू जात नाही, त्यांचे त्याला खरे वाटत नाही, पण तुमचे तो ऐकतो. कालच एकाची पाण्याची बाटली पडली तर त्याने लगेच गाडी उभी केली होती. तसेच एकदा म्हणा. सगळे मिळून मोठ्याने म्हणा की काका, गाडी थांबवा. अजून रस्ता सरळ आहे. सरळ रस्त्यावर मी थांबू शकते.

पुढे पिंपळ आहे, त्याच्यापुढे वळण आहे आणि ते डावीकडचे आहे.